आमच्या ह्यांची अरुंधती

आमचे हे एकाएकी फार चांगले वागायला लागले, तेव्हाच मला संशय आला.

फार चांगले म्हणजे किती? मी दुधीची भाजी केली. एरवी ताटात दुधी दिसला की ह्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "घरात कोण आजारी आहे?" त्या दिवशी मुकाट्याने दोनदा वाढून घेतली आणि वर म्हणाले, "छान झालीय हं." मी ताबडतोब भाजी चाखून बघितली. नेहमीसारखीच झाली होती, म्हणजे यथातथाच.

हे म्हणजे श्रीयुत वेणीमाधव गायधनी, वय वर्षं अडुसष्ट, माझे यजमान. घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंची पूजाअर्चा करणारं. पण ह्यांनी पाटबंधारे खात्यात आरेखकाची नोकरी धरली. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे. डोळा असा की दोन रेघांमधलं केसाएवढं अंतर चुकलं तरी टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. कोणाचे नकाशे किती वेळा परत पाठवले, ते अजून तोंडपाठ आहे. सुट्टीच्या दिवशी घराण्याचं काम म्हणून लग्नं लावायचे, तीही फक्त गोरज मुहूर्ताची. ह्याला कारण अरुंधती.

लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवायची असते. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला लागून जी बारीकशी चांदणी आहे ती त्याची बायको अरुंधती. दोघांसारखी जोडी राहू दे, म्हणून तिचं दर्शन. बाकीचे गुरुजी भर दुपारी हॉलच्या छताकडे बोट दाखवतात, नवरानवरी पंख्याला नमस्कार करतात आणि मंडळी जेवायला पळतात. आमच्या ह्यांना ते चालत नाही. हे लग्न लावून झालं की अंधार पडायची वाट बघत बसणार, मग जोडप्याला स्टेजवरून उठवून लॉन्सच्या कोपऱ्यात नेणार, लायटिंगवाल्यावर ओरडणार, डीजेशी भांडणार आणि दोघांना उपरण्याच्या गाठीसकट उत्तरेकडे तोंड करून उभं करणार. "दिसली का?" "हो गुरुजी." मग कुठे सुटका. तोवर फोटोग्राफर वैतागलेला आणि पुऱ्या वातड झालेल्या. तरी लोक ह्यांनाच बोलावतात. ह्यांचं म्हणणं, आपण खरी अरुंधती दाखवतो म्हणून. माझं म्हणणं, हे मंगलाष्टकं लवकर आटपतात म्हणून.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी दुर्बीण बनवली. विकत नाही घेतली, बनवली. सहा इंची आरसा आठ महिने माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर घासत बसले होते. आठ महिने मी ब्लाउजला हातशिलाई घातली. मग प्लंबरकडून जाडजूड पाइप आणला, त्यात आरसा बसवला, आणि आमच्या रो हाउसच्या मागच्या परसात, शेवग्याच्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीच्या मधोमध ती तोफ उभी राहिली.

बरं, दुर्बिणीतून चंद्र बघावा, शनीची कडी बघावी. छे! हे बघणार फक्त जोडतारे. म्हणजे नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, पण दुर्बिणीतून बघितलं की एकमेकांना खेटून दोन असतात, तसले. ते दोन वेगळे दिसले की हे आनंदाने ओरडतात, "फुटला!" पहिल्यांदा ओरडले तेव्हा शेजारच्या मीनाताई "काय फुटलं? कुकर का?" करत धावत आल्या होत्या. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू जातं. त्यांच्या मागच्या दिव्यावरून ह्यांचं आणि त्यांचं नेहमीच वाजतं. "तारे बघतात की आमच्या मोरीची खिडकी?" असं त्या एकदा म्हणाल्या, आणि हे आठवडाभर परसात पाऊल ठेवेनात. फुटलेला प्रत्येक तारा हे एका लांबड्या वहीत लिहून ठेवतात. तारीख, वेळ, आकाश कसं होतं, दोन ताऱ्यांत अंतर किती. त्या वहीला हात लावायची मला बंदी.

तर असा हा माणूस ह्या वर्षी चैत्रात अचानक लोण्यासारखा मऊ झाला. मला गॅस मोबाइलवरून कसा नोंदवायचा ते शिकवलं, तेही न ओरडता. टाकीचा गळका कॉक बदलला. वणीला देवीच्या गडावर घेऊन गेले, आणि दरवेळी पायऱ्याच चढायच्या म्हणून हट्ट धरणारा माणूस आपणहून ट्रॉलीच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या आठवड्यात एसटीने येवला. तिथे मोरपंखी पैठणी माझ्या खांद्यावर टाकून म्हणाले, "ही घे. तुला शोभते." भाव केला नाही! मी दुकानदाराकडे बघितलं, दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. दोघंही घाबरलो.

मी मीनाताईंना सांगितलं. त्या अनुभवी आहेत. म्हणाल्या, "उत्तराताई, साठी उलटलेला पुरुष एकदम प्रेमाने वागायला लागला की दोनच कारणं असतात. एक तर बीपी, नाहीतर बाई."

बीपी तपासून आणलं. उत्तम निघालं. राहिली बाई.

हसू नका. मला खरोखरच तसं वाटायला लागलं. त्यात पुण्याहून मुलीचा, आभाचा फोन. "आई, बाबा कुठे जाणार आहेत का गं? मला म्हणाले, आईला एकटं वाटू देऊ नकोस." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ह्या वयात? ह्या माणसाबरोबर कोण जाईल, हा प्रश्न होताच, पण जगात काय वाटेल ते लोक असतात.

दुसऱ्या दिवशी हे दाढी करायला गेले, आणि मी बंदी मोडून वही उघडली.

बाई नव्हती. बाई परवडली असती. चैत्राच्या पानावर ह्यांच्या त्या नकाशासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "वद्य पंचमी. आकाश स्वच्छ. नुसत्या डोळ्यांनी वसिष्ठ दिसतो. अरुंधती दिसली नाही." खाली, "षष्ठी. नाही." त्याखाली, "सप्तमी. नाही." मग एक पट्टीने मारलेली रेघ, आणि रेघेखाली, "सहा महिने. म्हणजे आश्विन वद्य पंचमी."

माझे सासरे सांगायचे, ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचे सहा महिने उरलेले असतात. जुन्या लोकांचा समज. आणि हा बुद्धिमान माणूस, ज्याने आयुष्यभर धरणं मोजली, तो ते खरं धरून बसला होता! त्याखाली यादी होती. "एक, उत्तराला गॅस नोंदणी. दोन, टाकीचा कॉक. तीन, वणी. चार, येवला, पैठणी, मोरपंखी. पाच, आभाशी बोलणे. सहा, दुधी. तक्रार नको." प्रत्येकापुढे बरोबरची खूण. फक्त सातवं राहिलं होतं, "उत्तराला सांगणे."

आधी मी रडले. मग वद्य पंचमी म्हणजे दिवाळीच्या आधीचा आठवडा, हे लक्षात आलं आणि मला असा संताप आला म्हणता! ऐन फराळाच्या दिवसांत मरायचं ठरवतो हा माणूस, आणि मला यादीत सातवा नंबर? टाकीच्या कॉकच्या नंतर?

संध्याकाळी हे परसात आले तेव्हा मी वही घेऊन दुर्बिणीशेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

हे वहीकडे बघत राहिले. "सांगणारच होतो."

"कधी? बाराव्याला?"

"उत्तरा, हळू. मीनाताई ऐकतील."

"ऐकू देत! अहो, तुम्हाला बारीक चांदणी दिसत नाही म्हणजे डोळ्यात मोतीबिंदू झालाय. अडुसष्टाव्या वर्षी सगळ्यांनाच होतो. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला."

"मोतीबिंदू असता तर वसिष्ठही दिसला नसता," हे शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाने मला जास्त भीती वाटली. "वसिष्ठ दिसतो. तीच दिसत नाही. आणि सहा महिन्यांसाठी ऑपरेशन कशाला? तुझी उगाच धावपळ."

मी विनवलं, ओरडले, आभाची शपथ घातली. काही उपयोग नाही. माणूस मरायला असा तयार होऊन बसला होता, जसं काही गाडीचं आरक्षण मिळालंय. माझ्या लक्षात आलं, हा तपासणीला गेला नाही तर मोतीबिंदूने काही मरणार नाही, पण ठरवून ठरवून आश्विनात नक्की मरून दाखवेल. तेवढा हट्टी आहे. आणि मग माझा इलाज संपला, आणि जे मी एकेचाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"मला अरुंधती कधीच दिसलेली नाही."

"काय?"

"कधीच नाही. आपल्या लग्नातसुद्धा नाही. माझा नंबर साडेचार. नवरी मुलगी चष्म्यात चांगली दिसत नाही म्हणून आईने सकाळीच चष्मा काढून पर्समध्ये टाकला होता. मला स्टेजवर तुम्हीसुद्धा धड दिसत नव्हतात, अरुंधती कुठली दिसणार! मामंजींनी बोट दाखवलं, मला बोट तेवढं दिसलं. सगळे थांबले होते, मी म्हटलं, दिसली."

"आणि नंतर?" ह्यांचा आवाज चिरका झाला. "चष्मा लावल्यावर? मी दरवर्षी विचारतो, दिसतेय ना?"

"तुम्ही विचारता तेव्हा माझी कणीक भिजवायची असते. मी मान वर न करताच हो म्हणते. करा आता हिशेब. एकेचाळीस वर्षं म्हणजे सहा-सहा महिन्यांचे ब्याऐंशी. ब्याऐंशी वेळा मेले मी! तरी तुमची भाकरी थापतेय ना?"

मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. हे असे लालेलाल झाले, की मला बीपीचं यंत्र आठवलं. "अग्नीसमोर खोटं बोललीस? वडिलांसमोर? माझ्या प्रत्येक प्रश्नाला?" असं म्हणून पाय आपटत आत गेले. दार इतक्या जोरात लावलं की भिंतीपलीकडून मीनाताईंनी विचारलं, "फुटला का हो?"

दोन दिवस अबोला. पण काय सांगू, त्या दोन दिवसांत मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुधी केला. हे ताटाकडे बघून म्हणाले, "घरात कोण आजारी आहे?" मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून हसले.

तिसऱ्या दिवशी, तिन्हीसांजा उलटून चांगलं अंधारल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "बाहेर ये. कणीक नंतर." मग भिंतीवरून हाक, "मीनाताई, दहा मिनिटं दिवा बंद करा, घरगुती काम आहे." दिवा पटकन बंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कारण ऐकायचं होतं त्यांना.

"बस," हे म्हणाले. "डोळा लाव. ह्या वेळी दिसलं तरच दिसलं म्हणायचं. मी काही सांगणार नाही. तूच सांगायचंस."

म्हणजे परीक्षा. मी चष्मा सावरला, तो आधी भिंगावर आपटला, मग स्थिर बसले. सुरुवातीला नुसता काळोख आणि माझ्याच पापण्या. मग एकदम दिसलं, आणि मी "अगं बाई!" म्हटलं. इतकं स्वच्छ होतं ते सगळं. मला उगीचच भरून आलं. एवढी वर्षं हा माणूस थंडीत कुडकुडत हे बघत होता, आणि मी आत बसून त्याला नावं ठेवत होते.

"काय दिसतं?"

"एका बाजूला एक चांदणी आहे. ती अरुंधती असेल. आणि दुसरीकडे दोन आहेत, एकमेकांना खेटून. एक मोठा, एक लहान. वसिष्ठ त्यातला कुठला?"

"दोन्ही. वसिष्ठ हाच जोडतारा आहे."

"म्हणजे अरुंधतीपेक्षाही जवळ त्यांना आणखी कोणीतरी चिकटलंय? अरुंधतीला माहीत आहे का हे?"

भिंतीपलीकडे मीनाताई फिसकन हसल्या. हे हसले नाहीत. "आणखी?" म्हणाले.

"आणखी काय, तो बारीकसाच. वसिष्ठ आणि अरुंधतीपासून जरा बाजूला, तिघांचा त्रिकोण होतोय. खसखशीच्या दाण्याएवढा. तोही सांगायचा होता का?"

मला वाटलं, चुकलं माझं. मी डोळा काढून वर बघितलं. हे शेवग्याला टेकून उभे होते.

"तो दिसतो तुला?" ह्यांनी हळूच विचारलं.

"दिसतो की. का? नाहीये का तो?"

"आहे. खरंच बघतेस की नुसती हो म्हणतेस, ते कळावं म्हणून सांगितला नव्हता." मग म्हणाले, "मला दिसत नाही गं तो. दोन वर्षं झाली."

"पण वहीत तर..."

"मागच्या पानांवरून लिहितो. अंतर जुनंच, तारीख नवी. वसिष्ठाचे दोन मला आता धड दोन दिसत नाहीत, नुसता एक डाग दिसतो. तरी 'फुटला' म्हणून ओरडतो. तुम्हा लोकांना ऐकू जावं म्हणून."

केसाएवढ्या रेघेसाठी लोकांचे नकाशे परत पाठवणारा माणूस दोन वर्षं खोटी वही भरत होता! दोन दिवस माझ्याशी अबोला धरणारा हाच! माझ्या जिभेवर आलं होतं बोलायला. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि गिळलं.

"चैत्रात अरुंधतीही दिसेनाशी झाली, तेव्हा मला बरं वाटलं," हे म्हणाले. "म्हटलं, डोळे गेले नाहीत आपले. आयुष्य संपलंय, एवढंच."

हे ऐकून मला रडू आवरेना. माणूस मरायला तयार होता, पण मला दिसत नाही म्हणायला तयार नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, मला तर लग्नात नवराही दिसत नव्हता. काय बिघडलं? संसार झालाच ना?" तेव्हा कुठे हे हसले. भिंतीपलीकडून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मीनाताई म्हणाल्या, "दिवा लावू का आता? की अजून चालू आहे?"

आत येऊन ह्यांनी वही काढली. दोन वर्षांची पानं मी वाचत गेले, आणि हे एकेका खोट्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारत गेले. पट्टी दोनदा सरकली. दोन्ही वेळा मी सरळ केली.

डोळ्यांचे डॉक्टर कॉलेज रोडला बसतात. तरुण आहेत, आभाच्या वयाचे. बॅटरीने दोन्ही डोळे बघून झाल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, आजोबांना कधीपासून कमी दिसतंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. खुर्चीत सरळ झाले, गळा साफ केला.

"तिला माहीत नव्हतं, डॉक्टर," हे म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नव्हतं."